कागदी टोप्या आणि उजवी बाजू

थांबा

...आणि टोपी घातल्याशिवाय कुणालाही झिंगा मिळणार नाही, असं स्तीगने जाहीर केलं, तेव्हा रोसवाल कुटुंब मुकाट्याने टोप्या घालू लागलं. टोप्या कागदाच्या, टोकदार, हनुवटीखाली रबर. गळ्यात तान्ह्या मुलांना बांधतात तसली लाळेरी, त्यावर लाल झिंग्याचं चित्र. सफरचंदाच्या झाडाला टांगलेले कागदी चंद्र, प्रत्येकाला डोळे, नाक आणि उगाचच हसणारं तोंड. ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. ऊन अजून तळ्यावर रेंगाळत होतं, तरी चंद्र पेटवून झाले होते, कारण चंद्र कधी पेटवायचे हे स्तीगने ठरवलं होतं आणि सूर्याला कुणी विचारलं नव्हतं.

आपल्या देशात महत्त्वाचे निर्णय असेच होतात. याच वर्षाचं घ्या. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्या उजवीकडे न्यायच्या का, असं सरकारने पंचावन्न साली लोकांना विचारलं होतं. शंभरातले त्र्याऐंशी जण नाही म्हणाले. सरकारने हे मत अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि सदुसष्टच्या सप्टेंबरची तीन तारीख मुक्रर केली. मग दुधाच्या खोक्यांवर उजवी बाजू, रेडिओवर उजवी बाजू, पुरुषांच्या चड्ड्यांवरसुद्धा तोच उजवीकडे वळणारा बाण. मे महिन्यात परदेशी विद्वान स्टॉकहोममध्ये जमून युद्धाबद्दल अमेरिकेवर खटला चालवून गेले. आमच्या व्रेनहुल्ट गावात त्याची चर्चा फारशी झाली नाही, कारण त्याच आठवड्यात स्टेशनासमोर पाटीचा नवा खांब रोवला गेला आणि तो वाकडा होता. जुलैत राजधानीतल्या आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं की इथून पुढे आपण सगळ्यांना 'तू' म्हणणार आणि सगळ्यांनी आपल्यालाही 'तू' म्हणावं. ती बातमी वाचून अल्गोत रोसवालने पेपर जमिनीवर पसरला आणि त्यावर बूट ठेवून पॉलिश करायला घेतले.

स्तीग हा अल्गोतचा जावई. नगरपालिकेत नोकरी, आणि जानेवारीपासून गावाच्या उजवी बाजू समितीचा चिटणीस. हे पद मिळाल्यापासून तो बायकोच्या उजव्या हाताला झोपायला लागला होता. आज त्याने नवा नियम काढला. या घरात ताटं-वाट्या कायम डावीकडे फिरत आल्या. आज सराव म्हणून सगळं उजवीकडे सरकवायचं.

त्याने शेपूच्या तुऱ्यांसकट उकडलेल्या झिंग्यांचं घमेलं बायकोकडून, बिर्गितकडून घेतलं, आपण घेतलं, पुढे योस्ताकडे दिलं. इतक्यात पंगतीच्या मुख्य जागेवर बसलेल्या अल्गोतने पावाची टोपली उचलली आणि शांतपणे डावीकडे, सुनेच्या, मायलिसच्या हातात दिली. सुनेने ती योस्ताकडे सरकवली. योस्ता, अल्गोतचा एकुलता एक मुलगा, एका हातात झिंगे आणि दुसऱ्या हातात पाव घेऊन बसून राहिला. देशातला पहिला अपघात तिथे, रोसवालांच्या अंगणात झाला. जखमी कुणी नाही.

"मालक, उजवीकडे," स्तीग म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तो सासऱ्याला मालकच म्हणे, कारण सारं गाव म्हणे.

"मला पंचावन्न साली विचारलं होतं," अल्गोत म्हणाला. "मी उत्तर दिलंय."

(इथे एक गाणं झालं. झिंग्यांच्या जेवणात दारूच्या प्रत्येक घोटाआधी गावं लागतं. शब्द देत नाही. ते गाणाऱ्यालाही नको असतात.)

स्तीगला गाताना घाम फुटला होता. पुढच्या रविवारी सकाळी वाहनांवरची बंदी उठली की गावातली पहिली बस स्टेशनासमोरून सुटणार, उजव्या बाजूने. पेपरवाला फोटो काढणार, बँड वाजणार. बस रोसवालांची, कारण गावात दुसरी कुणाची नाही. आणि चालवणार कोण, तर अल्गोत स्वतः, पांढरे हातमोजे घालून, जशी त्याने सत्तावीस साली पहिली बस चालवली होती तशी. अल्गोत एकाहत्तर वर्षांचा होता. आणि अल्गोतला दिसत नव्हतं.

हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बिर्गितला ईस्टरपासून, जेव्हा बाबांनी कॉफी कपाच्या शेजारी ओतली आणि कुणी काही बोलायच्या आत त्यावर रुमाल पसरला. स्तीगला बिर्गितकडून. योस्ताला ब्रेकवरून, ते पुढे येईल. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य कुणीही बोलू शकलं असतं, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यासाठी जागा सोडून बसला होता. आमच्याकडे याला सभ्यता म्हणतात.

बाजू बदला

दुसरं घमेलं आणायला बिर्गित आपल्या वहिनीबरोबर स्वयंपाकघरात गेली. एक घमेलं आणायला दोन बायका लागत नाहीत, त्यामुळे मायलिसला काय ते कळलं.

बिर्गितने आधी शेपूची तारीफ केली. मग चीजची. मग ती टोपीचं रबर सैल करत म्हणाली, की बाबांना कुणीतरी सांगायला हवं.

"तूच सांग, वहिनी. तू काही घरातली नाहीस. तुझ्यावर चिडले तरी मनाला लावून घेणार नाहीत."

मायलिस चौदा वर्षं या घरात होती. तिने घमेल्यातला एक झिंगा उलटा केला, परत सुलटा केला.

पुढचं बिर्गितने फार प्रेमाने मांडलं. बाबांचा परवाना गेला की बसचा धंदा चालवायचा कुणी? योस्ताने? योस्ताला इंजिनाशी बोलता येतं, माणसांशी नाही. शहरातली मोठी बस कंपनी हा मार्ग विकत घ्यायला तयार आहे, तिने विचारून ठेवलंय. "आणि तूही सुटशील. सहा वर्षं झाली, शाळेची पोरं पोचवते आहेस, उगाच. कोण तुला चालक म्हणतं?"

कुणी म्हणत नव्हतं, हे खरं. सहा वर्षांपूर्वी चालकाला फ्लू झाला, मायलिसकडे परवाना होता, म्हणून तात्पुरतं. चालक परत आला नाही. तात्पुरतं संपलं नाही. गावात विचारलं तर अल्गोत सांगे, सून मदत करते. ही मदत पहाटे उठून बर्फ खरवडे आणि करवतीच्या गिरणीपलीकडच्या सगळ्या वाड्यांवरची पोरं शाळेत नेई. कोण पायऱ्यांवर ओकतं, कुणाला आई ओरडली आहे, कोण मुद्दाम उशिरा येतं, हे सगळं त्या मदतीला माहीत असे. बिर्गितला जे ओझं वाटत होतं, ते मायलिसकडे असलेलं एकमेव स्वतःचं होतं. हे नणंदेला सांगायचं म्हणजे बराच वेळ गेला असता.

"झिंगे गार होतील," ती म्हणाली. झिंगे कालपासून गारच होते.

तळघराच्या पायऱ्यांशी तिला स्तीगने गाठलं. त्याला बायकोचा बेत आत्ताच, खिडकीबाहेरून, पूर्णपणे अनवधानाने ऐकू आला होता. शहरातल्या कंपनीने मार्ग घेतला तर रविवारची बस रद्द, बँड रद्द, फोटो रद्द. तो कुजबुजत म्हणाला, की मायलिसने मालकांना आज सांगितलं, तर रविवारी तिनेच बस चालवावी यासाठी समिती, म्हणजे तो, अनुकूल राहील.

"मग भावोजींनीच सांगावं की," मायलिस म्हणाली. "भावोजी समितीत आहेत."

"समितीला घरगुती बाबतीत पडता येत नाही," स्तीग म्हणाला आणि बाटली घेऊन वर गेला.

अंगणाच्या टोकाला नवी बस उभी होती. नवी म्हणजे जुनीच, पण जूनमध्ये कारखान्यातून बदलून आलेली. पूर्वी चालक उजवीकडे बसे आणि दार डावीकडे. आता चालक डावीकडे, दार उजवीकडे. योस्ता कागदी टोपीसकट चाकापाशी वाकला होता. जेवण सोडून तिथे काय करतोस, असं तिने विचारलं.

"ब्रेक बघतोय."

तो जुलैपासून ब्रेक बघत होता.

जुलैत असं झालं होतं. बाजाराच्या मैदानावर स्तीगच्या समितीने रस्ते आखले, गवताचे भारे ठेवले. हा भारा म्हणजे बाळाची गाडी, तो भारा म्हणजे सायकलवरची म्हातारी. अल्गोत टोपी, हातमोजे घालून बसमध्ये चढला, सरळ पुढच्या उजव्या सीटवर जाऊन बसला, आणि दोन्ही हात पुढे केले. समोर स्टिअरिंग नव्हतं. समोर काहीच नव्हतं. ते पलीकडे, डाव्या बाजूला होतं. त्याचे हात काही वेळ हवेत राहिले. मागे पायरीवर मायलिस उभी होती.

"सीट बरी आहे की नाही ते बघत होतो," तो म्हणाला होता.

"मामंजींचं बरोबर आहे," ती म्हणाली होती.

मग तो खरोखरीच्या जागी बसला, निघाला, आणि बाळाची गाडी असलेल्या भाऱ्यावरून बस घेऊन गेला. खाली उतरल्यावर म्हणाला, ब्रेक लागत नाहीत. योस्ताने ब्रेक सोडवले, पुसले, परत बसवले. नंतर पुन्हा एकदा सोडवले.

"सापडलं काही?" तिने आत्ता विचारलं.

योस्ताने बराच वेळ फडक्याने बोटं पुसली. बोटं स्वच्छ होती.

"बघतोय ना," तो म्हणाला.

पुन्हा थांबा

अल्गोतला दिसत होतं. उगाच कुणी काही म्हणू नये. त्याला चार टोप्यांच्या जागी चार रंगीत धुरकट सुळके दिसत होते, झाडाला होते त्याहून जास्त चंद्र दिसत होते, आणि पोरांच्या चेहऱ्यांवर नेमकं जे त्याला पाहायचं नव्हतं तेवढं स्वच्छ दिसत होतं. ती उठून जातात, कुजबुजतात, परत येऊन जास्त गोड बोलतात. बिर्गितने त्याच्यासाठी झिंगा सोलून दिला. तो सात वर्षांचा असल्यापासून स्वतः सोलत आला होता.

डॉक्टरकडे तो जात नव्हता, कारण डॉक्टर लिहून ठेवतात.

आणि रस्त्याला डोळे कशाला लागतात? गेली दोन वर्षं तो रस्ता ऐकत होता. पुलाच्या फळ्या खडखडल्या की गिरणी आली. गिरणीचा ओला भुसा नाकात शिरला की वळण. चर्चच्या भिंतीजवळ आवाज डाव्या कानात दाटतो, मग सुटतो. चाळीस वर्षांत रस्ता त्याच्या अंगात गेला होता, पण डावीकडून गेला होता. पुढच्या रविवारी सरकार हे सगळं उचलून दुसऱ्या कानात घालणार होतं. उजव्या बाजूच्या रस्त्यावर तो जन्मात कधी गेला नव्हता. हे त्याने कुणाला सांगितलं नसतं. सरकारवर चिडणं सोपं होतं, आणि त्यात सोबतीला शंभरातले त्र्याऐंशी जण होते.

बिर्गितने बोलता बोलता म्हटलं, की बाबांनी आता आराम करायला हरकत नाही. स्तीगने बोलता बोलता म्हटलं, की समिती मालकांसाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवू शकेल, पुढच्या रांगेत. योस्ता काही म्हणाला नाही, तेसुद्धा बोलता बोलता. सुनेने विचारलं, मामंजींना अजून पाव वाढू का. चौदा वर्षं ती त्याच्याशी अशीच बोलत होती, तो खोलीत नसल्यासारखी. मामंजींना कॉफी हवी का, मामंजींची टोपी कुठे आहे. त्यात तिची चूक नव्हती. जवळीक करायची तर मोठ्याने आधी ग्लास उचलायचा, नाव सांगायचं, मग धाकट्याने 'तू' म्हणायचं, अशी रीत. त्याने ग्लास उचलला नव्हता. राहून गेलं होतं. जावयाच्या बाबतीत राहून गेलं नव्हतं, तिथे त्याने ठरवलं होतं.

खुर्चीचं ऐकून त्याचं डोकं फिरलं. खुर्ची. तो उठला, एका हाताने टेबलाची कड शोधली, आणि जाहीर केलं की रविवारी पहिल्या बसमध्ये तो शाळेतली सगळी पोरं घेणार. फुकट. पुढच्या सीटपासून मागपर्यंत पोरं, सगळी गाणार, आणि तो चालवणार. मोठी झाल्यावर ती सांगतील, की बाजू बदलली त्या दिवशी आम्ही रोसवालच्या बसमध्ये होतो.

स्तीगला ही कल्पना फोटोच्या दृष्टीने फार आवडली. मग त्यातून काय होईल ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने झिंग्याची नांगी तोंडात घातली.



टोप्या वाऱ्याने हलत होत्या.

निघा

"तू बस चालवायची नाहीस, अल्गोत."

आवाज मोठा नव्हता. तरी मायलिसने म्हटल्यावर टेबलावरची सगळी चोखाचोख बंद पडली, आणि झिंग्यांच्या जेवणात ती बंद पडणं म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन बंद पडण्यासारखं असतं. ती उभी राहिली नव्हती. तिच्या टोपीचं टोक एका बाजूला वाकलं होतं.

"तुला दिसत नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरांना मी त्या बसमध्ये बसू देणार नाही."

आता आठवा, की गेला तासभर बिर्गितला नेमकं हेच हवं होतं. बिर्गितचा चेहरा पांढरा पडला. वडिलांना घरात 'तू' म्हणायचं, तेही नुसत्या नावाने, तेही सुनेने? कुठल्या तोंडाने? तिने स्वतः कधी बाबांना तसं म्हटलं नव्हतं. ही 'माझी पोरं' कोण, असंही तिने विचारलं, आणि शाळेची पोरं काही वहिनीने जन्माला घातलेली नाहीत, हेही कळवलं. स्तीगने घसा साफ करून सांगितलं, की राजधानीतल्या एका मोठ्या खात्यात आता 'तू' म्हणणं मान्य झालं आहे, अर्थात नगरपालिकेपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. कोणाच्या बाजूने बोललो हे त्याचं त्यालाही उमगलं नाही. बिर्गित त्याला म्हणाली, तू गप बस. मग बाबांकडे वळून म्हणाली, की वहिनीच्या मनात काय आहे ते सरळ दिसतंय, तिला बस हवी आहे.

"हवी आहे," मायलिस म्हणाली.

रोसवाल घराण्यात काहीतरी हवं असणं ठीक आहे. ते मागायचं नसतं.

अल्गोत अजून उभाच होता, टेबलाची कड धरून. तो म्हणाला, जुलैत जे झालं ते ब्रेकमुळे झालं. हे तो सुनेकडे पाहून म्हणाला, म्हणजे तिच्या टोपीकडे, म्हणजे ती टोपी आहे असं त्याला वाटलं तिकडे. तिथे चंद्र होता.

योस्ताने हातातला चाकू खाली ठेवला. तो आयुष्यात फार कमी वेळा एखाद्याच्या बाजूने बोलला होता, आणि बोलला तेव्हा ते इंजिन होतं.

"ब्रेकला काही झालं नव्हतं, बाबा."

बस्स. तेवढंच. जुलैपासून त्याने ते वाक्य सोडवून, पुसून, परत बसवून ठेवलं होतं.

अल्गोत खाली बसला. बसताना खुर्ची जिथे असायला हवी होती तिथे होती, एवढी एक गोष्ट त्या संध्याकाळी त्याच्या बाजूने घडली. त्याने लाळेरं सोडलं, घडी केली. टोपी काढायला हात वर नेला, मग तशीच राहू दिली. तळ्यावर कुणीतरी होडी ओढत होतं, शेजारच्या अंगणात एक गाणं चुकीच्या सुरात संपलं. बिर्गित रडायला लागली होती. ती खरंच रडत होती, हे नमूद करायला हवं. बाबा कॉफी शेजारी ओततात हे तिला ईस्टरपासून माहीत होतं, आणि धंदा विकून टाकण्याखेरीज तिला दुसरा रस्ता सुचला नव्हता.

"ग्लास भर," अल्गोत म्हणाला.

कुणाला म्हणाला हे कळेना, म्हणून तिघांनी बाटली धरली. मायलिसने भरला.

"तुझा."

तिने स्वतःचाही भरला. शहाजिऱ्याची दारू दोन्ही ग्लासांत काठोकाठ.

"आधी ग्लास उचलायचा असतो," तो म्हणाला. "मग 'तू' म्हणायचं असतं. मी चाळीस वर्षं बस चालवली, नियम मोडला नाही. आणि तू माझ्याच टेबलावर उलट्या बाजूने आलीस."

"उचलायची वाट बघत होते," मायलिस म्हणाली. "चौदा वर्षं."

त्याने ग्लास छातीच्या तिसऱ्या बटणापर्यंत उचलला, रीत आहे तसा. तिच्याकडे पाहिलं. या वेळी चेहरा बरोबर सापडला, कारण ती किंचित पुढे सरकली होती आणि हे तिने कुणाला कळू दिलं नाही.

"अल्गोत," तो म्हणाला.

"मायलिस."

दोघं प्यायले, परत एकमेकांकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवले. स्तीगचाही हात सवयीने ग्लासाकडे गेला होता, कदाचित आज आपलाही नंबर लागेल म्हणून. लागला नाही.

मग अल्गोतने विचारलं. या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणून तो ऐकायला अवघड होता.

"आणि रविवारी मी काय करू? त्या खुर्चीवर बसू, बँडच्या शेजारी?"

"खुर्ची कशाला?" मायलिस म्हणाली. "बसमध्ये पुढची उजवी सीट आहे. गिरणीचं वळण आलं की सांग मला. ती सीट बरी आहे. जुलैत तूच बघून ठेवली आहेस."

अल्गोत हलला नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो हसतो आहे हे बिर्गितला सगळ्यात शेवटी कळलं. चाळीस वर्षांत त्याच्या बसमधून सर्वाधिक फुकट फिरलेला माणूस कोण, तर तो स्वतः, असं काहीतरी तो पुटपुटला. कंपनीचं काय, शहराचं काय, हे बिर्गितने विचारलं नाही. विचारायचं होतं. तिने नाक पुसलं आणि एक झिंगा सोलला, आणि तो वहिनीच्या ताटात ठेवायचा की बाबांच्या, हे न ठरल्यामुळे स्वतःच खाल्ला.

गाणं राहिलं होतं, ते झालं.

मग अल्गोतने हाताने चाचपून पावाची टोपली शोधली. स्तीग सावध झाला, उजव्या हाताने त्याने हवेत दिशासुद्धा दाखवली. अल्गोतला ते दिसलं नसावं. त्याने टोपली डावीकडे सरकवली, जिथे मायलिस बसली होती, आणि तिने ती घेतली.